पहिली पंगत

सोजराबाईंनी पदर खोचून भिंतीसाठी कालवलेल्या गाऱ्याच्या टोपल्याला हात घातला, तोच म्हाताऱ्या उकंडरावांनी ते पुढून ओढून घेतलं.

"तुमी कायले तरास घेता बाई? सावलीत बसा ना."

लिंबाखाली गावातली एकुलती एक खुर्ची मांडलेली होती. अकोल्याच्या मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाई आल्या म्हणजे खुर्ची आलीच. बाई बसल्या.

समोर गीताबाईचं घर उभं राहत होतं. कडब्याच्या गंजीची आग घरावर आली, विधवा बाई लेकीसकट उघड्यावर पडली, म्हणून गावानं इर्जिक घातली होती. घरटी एक माणूस, मजुरीचं नाव नाही, आणि संध्याकाळी सगळ्यांचं जेवण. पाहुणे पहिल्या पंगतीला, घरचे शेवटी. शेजारच्या बीबी गावचे सुतारही असेच फुकट आले होते.

सोजराबाईंच्या लहानपणी त्यांच्या मायचं घरही असंच बांधलं गेलं होतं. बाप गेला तेव्हा माय पोरीला शाळेतून काढून निंदणाला धाडणार होती. उकंडराव तेव्हा ऐन तरुण. दर गुरुवारी दारोदार फिरून ते ओंजळ ओंजळ ज्वारी गोळा करत आणि मेहकरला तिच्या बोर्डिंगात पोचवत. त्या ज्वारीवर सोजरा शिकली. काय दिवस होते ते! सुट्टीत गावात आली की कोणीही हाक मारून पाणी भरायला लावी, कोणीही कान पिळी. माय जन्मभर प्रत्येक इर्जिकीला राबली आणि जाताना एवढंच म्हणाली, "माह्या माघारी तू जात जाय."

म्हणून त्या आल्या होत्या, आणि गावानं त्यांना खुर्चीवर बसवलं होतं. एखाद्याला परकं करायचं तर त्याला फार मान द्यावा, दुसरं काही करावं लागत नाही. बाईंना अगदी रडू यायला झालं.

उन्हं कलली तशा त्या उठल्या. कोणाला न विचारता भिंतीशी गेल्या आणि दोन्ही हातांनी गाऱ्याचा गोळा थापला. क्षणभर तो टिकला, मग सगळाच्या सगळा त्यांच्या पांढऱ्या लुगड्यावर उतरला.

सगळ्यांचे हात थांबले. मास्तरीणबाईंना हसायचं कसं? भिंत लिंपणारी म्हातारी मनकर्णाबाई मात्र कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"काऊन वं पोरी, कोरड्या भितीले गारा लावते? आंधी पाणी मार ना! मायनं शिकवलं नाही काय तुले?"

"कवा शिकवन ते? तुमीच तर मले शाळेत धाडलं."

मनकर्णाबाई आधी हसली, मग सगळी बायामंडळी हसली. पाण्याचा तांब्या सोजराबाईंच्या हातात आला. दिवेलागणीपर्यंत मनकर्णाबाईनं त्यांना चार वेळा हिडीसफिडीस केलं, आणि दर वेळी बाईंना बरं वाटलं.

पहिली पंगत बसली. सुतारांच्या शेजारी उकंडरावांनी पाट मांडला.

"या बाई, बसा."

सोजराबाई हात धुऊन तशाच उभ्या राहिल्या. दुपारपासून पोटात कावळे ओरडत होते. मनकर्णाबाईनं भाकरीचं टोपलं त्यांच्या कमरेशी टेकवलं आणि उकंडरावांना म्हणाली,

"तो पाट उचला. थे बसन आपल्यासंगं, शेवटी."

सोजरा टोपलं घेऊन वाढत निघाली.