मात्थेओसच्या मिशा

पैज लागली बंदरावर, कॉफी पिता पिता.

"डोळे बांधून जुन्या बाजारातून वर किल्ल्याच्या दरवाजापर्यंत जाईन," याकोवोस म्हणाला. "हरलो तर तुझ्या बायकोचा झगा घालून धक्क्यावर नाचेन. तू हरलास तर मिशा काढायच्या."

शेजारी मात्थेओस खदखदून हसला. त्याचा वरचा ओठ तीस वर्षांत बायकोनेही पाहिला नव्हता.

दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना मात्थेओसने किल्ल्याच्या वळणावर राहणाऱ्या आन्नेझो काकूंचे दारातले तुळशीचे डबे उचलले आणि पुढच्या बोळाच्या तोंडाशी ठेवले. तो बोळ थेट कोंबड्यांच्या खुराड्यात संपायचा. तुळशीच्या वासावर अख्खी गल्ली वळते, मग याकोवोस कुठे जाणार!

संध्याकाळी त्याने स्वतः याकोवोसच्या डोळ्यांवरच्या रुमालाला दोन गाठी मारल्या. याकोवोस भिंतीला हात लावून निघाला. तुळशीपाशी त्याने नाकही वळवलं नाही. कमानीखालच्या अंधारात फुटकी पायरी त्याने अलगद ओलांडली. मागून येणारा मात्थेओस, उघड्या डोळ्यांनी, तिथेच आपटला.

दरवाजाशी दोघेच पोचले. बघायला आलेले बाकीचे खाली धापा टाकत होते. याकोवोसने रुमाल सोडला. मात्थेओसचं डोकं फिरलं आणि त्याने दोन्ही पंजे फाकवून त्याच्या तोंडासमोर धरले. या बेटावर ही शिवीच; एवढ्यावरून सख्खे भाऊ बोलायचे थांबतात. आता थोबाडीत बसणार म्हणून मात्थेओसने गाल आवळला.

याकोवोस नुसता हसला. "गप्प का रे? मिशांचा निरोप घेतोयस?"

पंजे हवेतच राहिले. मात्थेओसने एक हात बाजूला सरकवला. याकोवोसचे डोळे हलले नाहीत.

"याकोव... कधीपासून?"

हसू मावळलं. "दोन हिवाळे झाले. पोरीला कळलं तर अथेन्सला चौथ्या मजल्यावर नेऊन बसवेल. इथे पायरी न् पायरी मोजलेली आहे."

"म्हणून पैज?"

"ज्याचे डोळे बांधावे लागले, त्याला दिसतं असंच सगळे धरणार. आता धडपडलो तरी कुणाला शंका यायची नाही. तू बोलशील?"

मात्थेओस त्याच्या पुढे होऊन पायऱ्या उतरू लागला.

धक्क्यावर न्हाव्याने खुर्ची मांडली. मिशा गेल्या, लोकांनी शिट्ट्या मारल्या.

"याकोवोस, नीट बघ रे! लबाड आहे तो!" कुणीतरी ओरडलं.

मात्थेओसने झटकन याकोवोसचा हात ओढून स्वतःच्या ओठावर दाबला. "बघतोस काय नुसता? चोळून खात्री कर, गाढवा!"

याकोवोसने सावकाश बोट फिरवलं.

"डावीकडे दोन केस राहिलेत," तो म्हणाला. न्हाव्याने पुन्हा वस्तरा उचलला.