काचेची विहीर

बबनरावांचा गावाला एकच त्रास होता: ते हैदराबादेला जाऊन आले होते.

बांधाच्या एका दाव्यापायी ते परभणीपर्यंत बैलगाडीने आणि पुढे रेल्वेने राजधानीला गेले, आठवडाभर वकिलाच्या दिवाणखान्यात बसून राहिले आणि दावा हरून परत आले. दाव्याचं दुःख त्यांना धारूरचा घाट चढेपर्यंतच पुरलं. गावात उतरले ते हैदराबाद डोक्यात घेऊनच. तिथे तेलावाचून दिवे जळतात, घोड्यावाचून गाडी पळते, भर उन्हाळ्यात बर्फ मिळतो. रोज दिवेलागणीला मारुतीच्या पारावर बबनराव येऊन टेकत आणि हैदराबाद सुरू होई. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. दुर्दैव असं, की गावाने त्यातलं एकही अक्षर खरं मानलं नाही.

पोळ्याच्या संध्याकाळी पार गच्च भरला होता. बैल मिरवून झाले होते, पोटात पुरणपोळ्या होत्या आणि उठून जायची कुणात ताकद नव्हती. बबनरावांनी संधी साधली.

"वकिलाच्या दिवाणखान्यात काचेची पेटी हाय," ते म्हणाले. "पेटीत पाणी. पाण्याच्या तळाला झाडं लावल्याली. अन् त्या झाडांतून मासे हिंडत्यात. पाणी सहा सहा महिने बदलत न्हाईत."

"कावून? वकिलाकडं पाणी भराया गडी न्हाईत का?" कोणीतरी विचारलं.

"गरजच न्हाई. झाडंच पाणी साफ ठिवत्यात. वकील मला म्हनला, आप सिर्फ हाथ मत लगाइए."

पार हसला. गावचे पाटील भगवानराव तेवढे हसले नाहीत. ते बबनरावांचे लंगोटीमित्र, त्यामुळे त्यांचा राग खरा होता.

"बबन, तुझा बिनतेलाचा दिवा मी पचवला," ते म्हणाले. "बिनघोड्याची गाडी बी पचवली. पण मासे ठिवलेल्या पाण्याला चार दिसांनी ढोरं तोंड लावत न्हाईत, अन् तू म्हनतो सहा महिने. आता हद्द झाली बे."

"मी करून दाखवतो," बबनराव म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं.

मग पारावरच अटी ठरल्या. गौरी उठल्यावर मासे सोडायचे. दसऱ्यापर्यंत पाणी बदलायचं नाही, मासे मरता कामा नये, वास येता कामा नये. बबनराव जिंकले तर भगवानरावांनी त्यांचं हैदराबाद शेवटपर्यंत ऐकायचं, मध्ये जांभईसुद्धा द्यायची नाही. हरले तर बबनरावांनी पारावर पुन्हा हैदराबादचं नाव काढायचं नाही, जिवंत असेपर्यंत.

ऐकणाऱ्याला यात फार काही गेलं असं वाटणार नाही. पण बबनरावांनी पन्नास वर्षांत केलं काय होतं? ज्वारी पेरली आणि ज्वारी काढली. तेच शेजाऱ्यानेही केलं होतं. एवढ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाकडे नाही असा त्यांच्याकडे एक आठवडा होता. तोही काढून घेतला तर पारावर बसून तंबाखू मळण्याशिवाय त्यांच्या हाती काही उरणार नव्हतं. त्या रात्री त्यांना उरलेली पुरणपोळीसुद्धा गेली नाही.

काचा बीडहून आल्या, कडब्याच्या पेंढ्यांत गुंडाळून. चार निघाल्या होत्या, तीन पोचल्या. चौथ्या बाजूला सिदू सुताराने सागाची फळी ठोकली आणि "ही बाजू भिंतीकडं करा मालक, माशांना बी जरा आडोसा पायजे," असं म्हणून वेळ मारून नेली. सांधे राळ आणि जवसाच्या तेलाने बुजवले. पहिल्यांदा पेटी भरली तेव्हा पाणी सगळ्या सांध्यांतून एकदमच बाहेर आलं आणि सोप्यात वाळत घातलेल्या मुगाच्या शेंगांखालून उंबऱ्यापर्यंत गेलं.

रुक्मिणीबाई पदर खोचून उभ्या होत्या. "विहीर गावाबाहेर असती म्हून मी रोज तंगड्या तोडते," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "ती घरात आनली ते बरं केलं, पण काचेची कावून आनली?"

दुपारपर्यंत गावभर पेटीला काचेची विहीर हेच नाव पडलं होतं.

सिदूने सांधे पुन्हा बुजवले आणि पेटी गळायची थांबली. पुढचं सगळं बबनरावांनी स्वतः केलं. वकिलाचं उर्दू त्यांना निम्मं समजलं होतं आणि त्यातलं निम्मं आठवत होतं, पण तेवढ्यावर त्यांनी निभावलं. ओढ्याच्या डोहात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून त्यांनी मुळांसकट पाणवेली उपटल्या. काठावरून जाणारे "काय हरवलं मालक?" म्हणून विचारत होते. तळाला डोहातली काळी माती, तिच्यावर वाळू. वाळू त्यांनी इतक्या वेळा धुतली, की रुक्मिणीबाईंना वाटलं आता तिचा भात टाकणार. वेलींची मुळं वाळूत खोचून वर गोटे ठेवले. पाणी ओतलं की वाळू उसळत होती, म्हणून तळाला पत्रावळ अंथरून तिच्यावर हलकेच एकेक तांब्या सोडला आणि मग पत्रावळ अलगद काढून घेतली. माशांच्या आधी पाण्याला आणि झाडांना एकमेकांची ओळख होऊ द्यावी, असं वकील म्हणाला होता. त्याप्रमाणे मासे नसलेली पेटी तशीच राहू दिली. गाव रोज येऊन गढूळ पाणी बघून जाई आणि बबनरावांच्या प्रकृतीची चौकशी करी.

हळूहळू पाणी निवळलं. तळची वाळू दिसायला लागली आणि वेलींनी नवे कोंब काढले. मग बंकट भोयाला सांगावा गेला. त्याने टोपलीभर दांडगी मरळ आणली. बोटाएवढे, जिवंत आणि थोडेसेच पाहिजेत म्हटल्यावर तो गोंधळला.

"मालक, एवढ्याशाचं कालवण हुयाचं न्हाई."

"कालवण करायचं न्हाई. बघायचेत."

बंकटने दुसऱ्या दिवशी गाडग्यातून रुपेरी चिल्लीपिल्ली आणून दिली आणि पैसे घेतले नाहीत. असला माल विकला हे भावकीत कळलं असतं तर त्याला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

मासे वेलींत शिरले, आणि घराची रीतच बदलली. सकाळचं ऊन खिडकीतून पेटीवर आलं की पानापानावर बारीक बुडबुडे धरत आणि एकेक सुटून वर जाई. पाणी आरशासारखं राहिलं. रुक्मिणीबाई चुलीवर दूध ठेवून बघायला येत, आणि दूध उतू जाई.

पाणी गुपचूप बदललं जात नाही ना, हे तपासायला भगवानराव रोज सकाळी येत. त्यांनी फळीवर पाण्याच्या रेघेशी खडूची खूण केली होती. आटलं तेवढं तांब्याभर वरून घालायची त्यांनी परवानगी दिली होती, तीही समक्ष. पहिल्यांदा ते उभ्या उभ्या बघून जात. मग टेकायला लागले. मग जेवायच्या वेळेपर्यंत बसायला लागले. चावडीवर माणसं खोळंबली की कोतवाल त्यांना बोलवायला बबनरावांच्याच घरी येई.

"तो शेपटी तुटका बघ," ते म्हणत. "बाकीचे त्याला त्या कोपऱ्यात येऊ देत न्हाईत. लई वाईट वागत्यात त्याच्याशी."

"तू हितं कावून आलायस?" बबनराव विचारत.

"तपासायला," भगवानराव काचेवरची नजर न काढता सांगत.

असंच चाललं असतं तर बबनराव आरामात जिंकले असते. पण त्यांच्या घरात छबुआत्या होत्या. या त्यांच्या वडलांच्या बहीण. तीर्थाच्या घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या टाकल्या की पदरी पुण्य पडतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आयुष्यभर त्यासाठी गोदावरीपर्यंत पायपीट केल्यावर देव स्वतः मत्स्यावतार घेऊन सोप्यात आला, तर आत्या काय हात जोडून बसणार होत्या? त्यांनी पहिल्याच गुरुवारी परातभर कणीक मळली. आपण एकटीनेच पुण्य घ्यावं हे बरं दिसेना, म्हणून त्यांनी आळीतल्या बायकांना बोलावलं.

बबनरावांनी समजावून पाहिलं. वकील म्हणाला होता, चिमूटभर टाका, तेही एखाद दिवस विसरलात तरी चालेल. "वकील कोनत्या जातीचा मानूस हाय?" आत्यांनी विचारलं. "पोटाला देऊ नका म्हनतो तो." दारी आलेल्या बाईला पुण्य करू नको असं सांगायची गावात कुणाची छाती नव्हती. बबनराव बायका गेल्या की गोळ्या वेचून काढत, आणि वेचता वेचता दुसरी टोळी येई.

नवरात्र आलं आणि बबनरावांना एक नामी युक्ती सुचली. घटस्थापनेच्या सकाळी ते दारातच उभे राहिले आणि बायकांना म्हणाले, "आता काही टाकू नका. माशांना नऊ दिस उपवास हाय."

बायकांनी हात जोडले. आल्या पावली कणीक घेऊन परत गेल्या. बबनराव जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या अकलेवर खूश झाले.

दुसऱ्या दिवशी त्याच बायका भगर, शेंगदाण्याचा कूट आणि उकडलेली रताळी घेऊन आल्या.

"उपवासाचं चालतं की," छबुआत्या म्हणाल्या. "मुक्या जिवानं नऊ दिस धरल्यात. बघून पोटात तुटतं."

"आत्या, उपवास कडक हाय," बबनराव घाईघाईने म्हणाले. "निर्जळी."

आत्यांनी एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा भाच्याकडे.

"पाण्यात बसून निर्जळी?"

बायकांनी बबनरावांना हळूच बाजूला सारलं. माशांनी नवरात्र धरल्याची वार्ता आसपासच्या वस्त्यांवर गेली आणि पुढचे दिवस तर दारात रांग लागली. कोणी राजगिरा आणला, कोणी खोबरं. एका म्हातारीने नारळाचं पाणी सोडलं. वाळूवर रताळ्यांचा थर बसला. अष्टमीला पाणी दुधी झालं. नवमीच्या सकाळी भगवानराव आले आणि दारातच नाकाला उपरणं लावून उभे राहिले.

मासे सगळे वर आले होते. पाण्याबाहेर तोंड काढून वासत होते. शेपटी तुटका एका कुशीवर कलला होता.

बबनराव पेटीपुढे बसले होते. रात्र मध्ये होती, फक्त एक रात्र. उद्या सोनं वाटून होईपर्यंत मासे जरी तगले असते, तरी वासाचं काहीतरी निभावून नेता आलं असतं. आपल्याला वाईट कशाचं वाटतंय, हैदराबादचं की या एवढ्याशा जिवांचं, हे त्यांना त्या घडीला सांगता आलं नसतं. पण शेपटी तुटका तोंड वासत त्यांच्याकडेच बघत होता, आणि ते त्यांना सोसवेना. ते उठले आणि बायकोला म्हणाले, "घागर आन."

"बबन, दम धर," भगवानराव म्हणाले. "उद्या दसरा हाय. आज पाणी बदललंस तर हरलास."

"हरलो," बबनराव म्हणाले आणि तांब्याने घाण पाणी उपसायला लागले.

भगवानरावांनी धोतराचा काचा मारला, कोपऱ्यातली दुसरी घागर उचलली आणि गावचे पाटील भर सकाळी, सगळ्या आळीदेखत, पाणी भरायला गावाबाहेरच्या विहिरीकडे चालते झाले. दोघांनी मिळून रताळी काढली, वाळू साफ केली, निम्म्याहून जास्त पाणी पालटलं. छबुआत्या पुण्य बुडालं म्हणून भिंतीकडे तोंड करून बसल्या. संध्याकाळी मासे पुन्हा वेलींत शिरले. शेपटी तुटकाही सरळ झाला.

दसऱ्याला सीमोल्लंघन झालं, सोनं वाटून झालं आणि पार भरला. शेजारच्या गावांतली मंडळीही आली होती. बबनराव कडेला बसून तंबाखू मळत होते. मळून झाली तरी मळत होते. रोज ज्याची टिंगल करायची, तो माणूस गप्प बसल्यावर पारावर करण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

"अवो, तुमच्या गावात काचेची विहीर हाय म्हनं?" एका पाहुण्याने विचारलं.

सगळ्यांनी बबनरावांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. हैदराबादचं नाव न काढण्याचा शब्द दिला होता. शेवटी पाटीलकीची लाज राखायला भगवानरावांनी तोंड उघडलं.

"हैदराबादेत घरोघर असत्यात," ते म्हणाले. "लई मोठाल्या. आत झाडं असत्यात, आंब्याची."

बबनरावांच्या तोंडून बारीक कण्हल्यासारखा आवाज आला.

"मासे तर म्हशीएवढाले," भगवानराव घाम पुसत म्हणाले. "वकील रोज त्यात पवतो."

"पाटील, थापा मारताय," पाहुणा हसून म्हणाला, आणि त्याच्या गावची सगळी मंडळी हसली.

भगवानरावांना उभ्या जन्मात कोणी असं म्हटलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. ते बबनरावांकडे वळले.

"सांग की बे. खरं काय ते सांग."

"मी हरलोय."

"हरलास ते पाणी बदलून. त्यात मी बी घागरी वाहिल्यात. बोल आता."

बबनरावांनी तंबाखू झटकली. घसा साफ केला आणि वकिलाच्या दिवाणखान्यापासून सुरुवात केली. पेटी केवढी, वाळू कशी, पाण्यातली झाडं पाणी कसं साफ ठेवतात. पाहुणे पुन्हा गालात हसायला लागले. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं.

"हसू नका," भगवानराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "हा मानूस खोटं बोलत न्हाई. मी म्हयनाभर समोर बसून पाह्यलंय. ह्यानं बिनतेलाचा दिवा म्हनलं तर तो बी असनार. गप ऐका."

पार एकदम शांत झाला. सगळ्यांचे डोळे बबनरावांवर लागले, आणि कुणीही हसत नव्हतं. बबनरावांनी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आजवर त्यांचं बोलणं कोणी खरं मानलं नव्हतं. आता सगळे मानून बसले होते, आणि पुढे काय सांगायचं होतं ते त्यांना काही केल्या आठवेना.