सहाणेवरचं मऊ पोवळं

घरात कुणी नाही याची खात्री करून नवसाबाईने सहाण पुढे ओढली, पाण्याचे थेंब टाकले आणि नातीच्या पिशवीतला तो वाळका तुकडा उगाळायला घेतला. वेखंड कसं सरळ उतरतं. हे मेलं कातड्यासारखं सोलून निघत होतं, आणि वर बुधवारच्या बाजारातल्या सुकटीचा वास.

चैताली कॉलेजात त्यावरच संशोधन करत होती. मऊ पोवळं म्हणे. समुद्रात खडकाला चिकटून राहणारा जीव. काल जेवताना ती म्हणाली होती, "याच्या अर्काने वाईट गाठी वाढायच्या थांबतात, आजी. पण अजून काचेच्या ताटलीतल्याच. माणसाला द्यायचं औषध व्हायला वर्षं जातील."

"मग काय मेलेल्याला पाजता?" नवसाबाईने विचारलं होतं.

सगळे हसले होते. तिचा हात मात्र पदराखाली डाव्या बगलेकडे गेला होता. सिंहस्थाच्या गर्दीत फुलं विकताना तिथं हरभऱ्याएवढं काही हाताला लागलं होतं. आता ते सुपारीएवढं झालं होतं. सगळी बाळंतपणं घरात सुईणीच्या हातून उरकलेली, मळ्यावरच्या गड्यांना नुसत्या डोळ्यांनी जागेवर उभं करणारी बाई. तिने परक्या डॉक्टरापुढे चोळी सोडायची? तिने लेप लावला आणि सहाण घासून ठेवली.

संध्याकाळी चैतालीने पिशवी पालथी घातली.

"आजी, माझा तुकडा?"

"उंदरानं नेला आसंल."

चैतालीने सहाण उचलून हुंगली. "उगाळून नेला का?"

"गुडघ्याला लावला. लय ठणकत हुता. तुझं शिक्षान घरच्याला नाय, तर कुणाला?"

"अगं, त्यात विष असतं. कातडी भाजेल. दाखव गुडघा."

नवसाबाईने लुगडं आणखी खाली ओढलं. बगलेत मघापासून निखारा ठेवल्यागत झालं होतं. तिने भलतंच विचारलं.

"त्या ताटलीतल्या गाठी कुणाच्या असत्यात गं?"

"एका बाईच्या. कॅन्सरने गेली ती, खूप वर्षं झाली. तिच्या गाठीतल्या पेशी काचेत अजून वाढतायत."

"बाई गेली, आन गाठ जित्ती?"

"हो."

नवसाबाई सहाणेवरून अंगठा फिरवत राहिली. बाहेरच्या ओट्यावरून पुंजाराम गड्याने हाक दिली, "आक्का, झेंडूच्या पाट्या भरल्या. पंचवटीला धाडू का?"

"दार लाव," ती नातीला म्हणाली.

चैतालीने कडी घातली.

"आन दिवा लाव. बघायचंच हाय, तर नीट बघ."

चैतालीने बटण दाबून मागे पाहिलं, तेव्हा आजीचा पदर मांडीवर पडला होता.