आवाज बाहेर जात नाही

मी एक जुना फोन बूथ आहे, मित्रांनो. उभं कपाट असतं ना, साधारण तेवढाच. फरक इतकाच की कपाटात माणसं कपडे ठेवतात आणि माझ्यात ती स्वतःच येऊन बसतात. आत समोरासमोर दोन छोटी बाकं, मध्ये एक फळी, एक दिवा आणि डोक्यावर एक पंखा. पुढे काचेचं दार. दारावर ठसठशीत अक्षरांत लिहिलंय, ‘मनमोकळं बोला. आवाज बाहेर जात नाही.’ हे वाक्य मी लिहिलेलं नाही. पण ते माझ्या अंगावर चिकटवलेलं आहे, आणि त्याची लाजही मलाच वाटते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. भिंतींमध्ये जाड स्पंज भरला, दाराला रबर लावलं. छपराला मात्र एक भोक ठेवावं लागलं, कारण आत बसणाऱ्याला श्वास घ्यायची सवय असते. त्या भोकाला एक नळी जोडली. नळीतही स्पंजाच्या कड्या बसवायच्या होत्या, पण त्या दिवशी त्या संपल्या होत्या. मग माझी चाचणी झाली. एका कामगारानं आत बसून बेंबीच्या देठापासून पाढे म्हटले. दुसऱ्यानं बाहेर उभं राहून काही ऐकू येतं का ते बघायचं होतं. तो जेवायला गेला होता. त्याला काहीही ऐकू आलं नाही. मी पास झालो.

तिथून मला एका को-वर्किंग कंपनीनं विकत घेतलं. मित्रांनो, को-वर्किंग म्हणजे काय ते सांगतो. ज्यांना स्वतःचं ऑफिस परवडत नाही आणि घरी बसून ज्यांचं काम होत नाही, अशी माणसं तिथे खुर्ची भाड्यानं घेतात. त्यांना ‘सभासद’ म्हणतात. सभासदांसाठी वायफाय असतं, कॉफी असते, कुंडीतली झाडं असतात आणि भिंतीवर ‘तुम्ही आज छान दिसताय’ असं लिहिलेलं असतं. तुम्ही कसेही दिसत असलात तरी.

गंमत अशी की खुर्च्या भाड्यानं देणाऱ्या या कंपनीत नोकरी करणाऱ्यांना स्वतःची खुर्ची नव्हती. रिकामी दिसेल तिच्यावर टेकायचं आणि सभासद आला की उठायचं. वायफाय बघणारा दादा एके दिवशी इतक्या वेळा उठला की रात्री घरी जेवताना दाराची बेल वाजली तर तो ताट घेऊन उभा राहिला. हे त्यानंच माझ्यात बसून भावाला फोनवर सांगितलं. मॅनेजर साहेबांना केबिन होती, पण तीही तासाच्या बोलीवर भाड्यानं जायची. मग साहेब जिन्यात उभे राहून मॅनेजरी करायचे.

आणि रिसेप्शनवर होती ताई. तिला सगळे ताईच म्हणायचे. तिनं उभ्यानंच स्वागत करायचं, असा नियम होता. बसलेला माणूस थकलेला दिसतो, असं कंपनीचं मत होतं. उभा माणूस थकतो, याबद्दल कंपनीचं काही मत नव्हतं.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. नवा सभासद आला की ताई त्याला आधी माझ्याकडे आणायची. “हा आमचा बूथ. आत कितीही ओरडा, बाहेर चिटपाखरालाही कळणार नाही,” असं ती अभिमानानं सांगायची. मी आपला काच झाकता येत नाही म्हणून उघड्या काचेनं उभा राहायचो.

कारण माझ्या छपरावरची ती नळी भिंतीतून पलीकडे निघाली होती. पलीकडे कॉफीचं मशीन होतं. नळीचं तोंड नेमकं मशीनच्या वर. कोपऱ्यावर लावलेल्या आरशात मला तिथली रांगही दिसायची. आतला माणूस कुजबुजला तरी तिकडे कॉफीच्या रांगेत ते बातम्यांसारखं ऐकू यायचं. शब्दच काय, सुस्कारेसुद्धा.

सभासदांना हे लवकरच कळलं. मग त्यांनी काय केलं? कुणाला सांगितलं? छे. प्रत्येकानं एवढंच केलं की स्वतःचं खासगी बोलणं जिन्यात जाऊन करायचं आणि दुसऱ्याचं ऐकायला कॉफी घ्यायची. कॉफीचा खप वाढला. मुख्य ऑफिसनं मॅनेजर साहेबांचं अभिनंदन केलं.

नोकरांना मात्र कॉफीपाशी रेंगाळायची परवानगी नव्हती. त्यांची कॉफी स्टोअररूममध्ये, फिनेलच्या डब्यांशेजारी. त्यामुळे ताईला पत्ता नव्हता, साहेबांनाही नव्हता. नोकरांपैकी ठाऊक होतं ते फक्त मावशींना, कारण मावशी तिथेच सिंकमध्ये कप धुवायच्या.

एका दुपारी ताई माझ्यात आली, दार लावलं आणि आपल्या थोरल्या बहिणीला फोन लावला. “अक्का, ऐक. कुणाला बोलू नकोस. दिवस गेलेत मला.” मग ती हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. “इथे कुणाला कळता कामा नये गं. मला पाचवा महिना लागेल तेव्हाच माझा करार संपतोय. आधीच्या मुलीचं पोट दिसायला लागलं आणि तिचा करार काही वाढला नाही. ह्यांचं दुकान बंद पडल्यापासून घर माझ्यावरच आहे. करार होईपर्यंत मी पोट आत ओढून उभी राहणार.”

भिंतीपलीकडे कर-सल्लागार काकांचा कप भरून वाहायला लागला तरी त्यांनी बटण सोडलं नाही. वेबसाइट बनवणारी दोन पोरं साखरेची पुडी धरून पुतळ्यासारखी उभी राहिली. मावशींनी धुतलेला कप पुन्हा धुतला.

त्या दिवसापासून ऑफिसात विचित्र गोष्टी घडू लागल्या. ताई जरा पाणी प्यायला गेली की रिसेप्शनमागे एक खुर्ची येऊन बसायची. मॅनेजर साहेब ती उचलून आत ठेवायचे. जेवणाच्या सुट्टीनंतर तिथे दोन खुर्च्या असायच्या. एकदा तर आख्खा सोफा आला. साहेब हैराण झाले. “चोरी समजू शकतो मी,” ते जिन्यात कुणाला तरी फोनवर म्हणाले, “पण हा चोर वस्तू आणून ठेवतोय हो. याची तक्रार कशी करायची?”

वेबसाइटवाली पोरं ताईला रोज लिंबाच्या गोळ्या द्यायची. कारण विचारलं तर “ऑफर होती” म्हणायची. कर-सल्लागार काका आपल्या जागेवरून उठून मुद्दाम तिला सांगायला यायचे की उभं राहिल्यानं पाय सुजतात, असं त्यांनी ‘सहजच’ वाचलं.

ताई माझ्यात बसून अक्काला सांगायची, “इथली माणसं फार चांगली आहेत गं. नुसती खायला घालतात. म्हणून तर ही नोकरी सोडवत नाही.” पलीकडे रांगेत सगळे खूश व्हायचे. आपण किती चांगले आहोत हे आपण चोरून ऐकतोय, याचं त्यांना काहीच वाटायचं नाही. मला मात्र वाटायचं. माझ्यात दिवा होता. तो लागला की मला स्वतःचं तोंड काचेत दिसायचं.

मावशींनाही वाटायचं. त्या दोनदा ताईला सांगायला म्हणून रिसेप्शनवर गेल्या. दोन्ही वेळा समोर उभ्या राहिल्या, पदराला हात पुसला आणि म्हणाल्या, “पाणी पी गं पोरी.” आणि परत आल्या.

मग एक दिवस मुख्य ऑफिसच्या बाई आल्या. प्रत्येक नोकराला एकट्याला भेटून दोन प्रश्न विचारायचे होते : इथे काय आवडतं आणि काय आवडत नाही? सगळं गुपित राहील, असं आश्वासन होतं. साहेबांची केबिन त्या दिवशी भाड्यानं गेलेली. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. “हे काय वाईट आहे? आवाजही बाहेर जात नाही म्हणे.”

मला घाम फुटत नाही, मित्रांनो. पण काचेवर थोडी वाफ धरली.

पहिला गेला वायफायवाला दादा. त्याला आवडायचं ते हे की तो नक्की काय करतो हे कुणालाच कळत नाही. आवडायचं नाही ते हे की वायफाय गेलं की सगळे त्याच्याकडे असं बघतात, जणू त्यानं ते खिशात घातलंय. रांगेतून एकजण हळूच म्हणाला, “खिसे तपासले का पण?”

मग मावशी. मावशींना सगळं माहीत होतं. त्या बाकावर बसल्या, मान वर केली आणि थेट पंख्याकडे बघून खणखणीत आवाजात बोलल्या, “आवडतं सगळंच. आवडत नाही ते असं, की खिडकीजवळ बसणारे ते टाय लावणारे गृहस्थ कपाच्या तळाशी कॉफी वाळवून ठेवतात. लेकरं आहेत का त्यांना? मग त्यांनी कुणाचा आदर्श घ्यायचा?” बाई म्हणाल्या, “मावशी, मी इकडे बसलेय.” पलीकडे एक टाय सिंककडे धावला.

मग ताईचा नंबर आला.

ताईनं दार ओढून घेतलं. दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. “आवडतं काय सांगू? माणसं आवडतात,” ताई म्हणाली. मग दार नीट लागलंय का ते तिनं पुन्हा ओढून पाहिलं. मला कळलं, आज ती सांगणार. साहेबांच्या हातात करार होता, पण या बाई साहेबांच्याही वरच्या होत्या. गुपित राहील असं त्यांनी म्हटलं होतं. तिनं माझ्या दारावरचं वाक्य एकदा आतून, उलट्या अक्षरांत वाचलं आणि त्याच्यावर विश्वास ठेवला.

नेमके तेव्हाच मॅनेजर साहेब कॉफी घ्यायला आले. त्यांची केबिन गेली होती आणि जिना कुणीतरी फोनसाठी अडवला होता. ते जाणार तरी कुठे?

रांगेत एकच धांदल उडाली. साहेबांच्या कानावर जाता कामा नये! मावशींनी कॉफीच्या बिया दळायचं मशीन चालू केलं. कर-सल्लागार काकांना अचानक जोराचा खोकला आला. टायवाल्या गृहस्थांनी मायक्रोवेव्हमध्ये काहीही न ठेवता तो चालू केला. कुणी पाणी उकळायची किटली लावली, कुणी प्रिंटरला कोरे कागद छापायला लावले. वेबसाइटवाली पोरं टाळ्या वाजवत वाढदिवसाचं गाणं म्हणू लागली.

“कुणाचा वाढदिवस?” साहेब ओरडले.

“शोधतोय!” पोरं म्हणाली.

तो सगळा गदारोळ नळीतून उलटा माझ्या आत शिरला. बाई कानाला हात लावून म्हणाल्या, “काय म्हणालात? ऐकू येत नाहीये!” ताई जरा मोठ्यानं बोलली. बाहेर गाणं चढलं. ताई आणखी मोठ्यानं बोलली. काकांचा खोकला चढला. शेवटी ताई पूर्ण ताकदीनं ओरडली, आणि नेमक्या त्या क्षणी इतक्या सगळ्या मशीनचा भार न सोसून ऑफिसची वीज गेली.

सगळं गप्प झालं. त्या शांततेत माझ्या नळीतून स्पष्ट शब्द बाहेर पडले :

“पाचवा महिना आहे हो मला! नोकरीवरून काढू नका आणि बसायला एक खुर्ची द्या, एवढंच मागणं आहे!”

मॅनेजर साहेबांनी आधी नळीकडे पाहिलं, मग कपात पाहिलं, मग पुन्हा नळीकडे.

ताई दार उघडून बाहेर आली. कोपऱ्यावरून वळली तर समोर सगळे उभे, माना खाली. तिनं छताजवळच्या नळीकडे पाहिलं. तिला समजावून सांगायची गरज पडली नाही.

“सगळ्यांना माहीत होतं?” तिनं विचारलं.

“अगं, तू अक्काला सांगितलंस त्याच दिवसापासून,” मावशी म्हणाल्या.

“मग मला सांगितलं का नाही?”

“कसं सांगणार पोरी? ऐकलं म्हणून कबूल करावं लागलं असतं.”

ताईच्या चेहऱ्यावरून एकेक आठवण सरकताना मला कोपऱ्याच्या आरशात दिसत होती. “सासूबाईंवरून ह्यांच्याशी भांडले होते, तेही?”

कर-सल्लागार काका बुटांकडे बघत हळूच म्हणाले, “त्यात तुमचंच बरोबर होतं.”

“मी विचारलं तुम्हाला?” ताई म्हणाली. काकांनी मान आणखी खाली घातली.

मुख्य ऑफिसच्या बाईही बाहेर आल्या होत्या. गुपिताचं आश्वासन त्यांनी दिलं होतं, त्यामुळे त्यांचे कान लाल झाले होते. त्या साहेबांना म्हणाल्या, “यांच्या कराराचं काय ठरलंय?”

साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. दर महिन्याला भाडं भरणारे सगळे चेहरे आता वर झाले होते. “वाढवायचंच ठरलंय,” साहेब म्हणाले.

“कधीपासून?”

“आत्तापासून,” साहेब म्हणाले. मग खाली बघून पुटपुटले, “मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं. मी चांगला वागलो असं नाही म्हणत. मला फक्त कुणी ऐकवलं नव्हतं.”

वीज आली. मायक्रोवेव्ह पुन्हा रिकामाच फिरू लागला. पोरांनी टाळी वाजवायला हात उचलले, पण ताईचा चेहरा पाहून ते तसेच खिशात घातले.

“नोकरी राहिली, फार उपकार झाले,” ताई म्हणाली. “खुर्च्या आणून ठेवल्यात, गोळ्या दिल्यात, तेही विसरणार नाही. पण मी तिथे आत बसून रडायचे, तेव्हा तुमच्यापैकी एकानं येऊन काच वाजवायची होती. ‘ताई, ऐकू येतंय,’ एवढंच म्हणायचं होतं.” आणि ती रिसेप्शनवर निघून गेली.

त्यानंतर ती माझ्यात कधीच आली नाही. अक्काला फोन ती सगळ्यांसमोर करते, बसल्या बसल्या. गुपित असेल तर संध्याकाळी बाहेर पडल्यावर. मला तिनं एकदाही शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. ती जाता-येता माझ्याकडे बघतही नाही, आणि मी काचेचा, मला डोळे मिटता येत नाहीत.

आता मला स्टोअररूममध्ये ढकललंय. माझ्या बाकांवर बादल्या असतात. त्या काही बोलत नाहीत, म्हणून निदान माझ्याकडून आणखी काही बाहेर जात नाही. मावशी कधीतरी ओल्या फडक्यानं माझं दार पुसतात. त्या वाक्याशी आल्या की त्यांचा हात थांबतो, मग त्या ते तेवढं सोडून पुसतात.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असं मी म्हणणार नाही. माझ्यासारखे पुष्कळ असतील, बाहेरून घट्ट आणि छपराला भोक असलेले. एखादा माणूस विश्वासानं आत बसून बोलत असेल आणि ते तुमच्या कानावर येत असेल, तर कॉफी पीत उभे राहू नका. त्याला मागाहून गोळ्या देऊ नका. जा आणि काचेवर टकटक करा. तो शरमेल, तुमच्यावर चिडेलही. तरी करा.

मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.