काडलेट्सांच्या पुलाला अनुमोदन

व्हर्ला स्टुखलिक काउंटीच्या मंडळावर निवडून आली त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि तेवढ्या वर्षांत तिचं मुख्य काम एकच होऊन बसलं होतं: अनुमोदन देणं. रस्त्याकडेचं गवत कापायचं, बर्फावर टाकायला मीठ घ्यायचं, चर्चच्या नाचाला बिअरचा परवाना द्यायचा, असली नेहमीची कामं एकाच ठरावात बांधून यायची. लेरॉय फिंके ठराव मांडायचा, व्हर्ला "अनुमोदन" म्हणायची, हात वर व्हायचे आणि अध्यक्ष ड्वेन होल्टग्रेव हातोडी आपटायचा. चर्चा नाही, काही नाही.

या वेळच्या गाठोड्यात मात्र गवत आणि मिठाच्या मधोमध एक पूल येऊन बसला होता. काडलेट्सांच्या ओढ्यावरचा लाकडी पूल, कायमचा बंद.

पुलापलीकडे घर एकच, म्हाताऱ्या अल्बिना काडलेट्सचं. पूल गेला की तिच्या दाराशी रस्ताच उरत नव्हता.

व्हर्लाच्या मनात पाल चुकचुकली. ड्वेनचा जावई डुकरांच्या शेडसाठी जमीन शोधत हिंडतोय, हे गावात कुणीही सांगितलं असतं. तिने ड्वेनला कचेरीच्या जिन्यातच गाठलं.

"पूल यात कसा आला रे?"

"सडलाय तो. नेहमीचंच काम आहे, व्हर्ला. चल, कॉफी घे."

"उपास चालू आहेत माझे. ईस्टरपर्यंत कॉफी सोडलीय."

"मग संशयही सोडायचास की. तो काय कॉफीहून कमी कडू?"

तो हसला, पण नजर काही वर उचलली नाही.

ती तशीच गाडी काढून अल्बिनाकडे गेली. पूल कुरकुरला खरा, पण फळ्या चांगल्या टणक होत्या. अल्बिनाने दार अर्धवट उघडलं, मग नाइलाज झाल्यासारखं पूर्ण उघडलं. आत टेबलावर कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या.

"हे काय गं?"

"काही नाही, आवराआवर. कोलाचे घे, खसखस भरलेले गोड पाव आहेत. कॉफी नको असेल तुला."

"पुलाचं कळलं ना तुला?"

"कळलं."

"मग गप्प कशी? कुणी दटावलंय का तुला?"

"मला कोण दटावणार या वयात? तू आपलं अनुमोदन दे आणि मोकळी हो. एरवी देतेसच ना, डोळे मिटून?"

बोलताना तिने पाठ फिरवली होती. परत येताना व्हर्लाची खात्रीच पटली. बिचारीला घाबरवलंय. कुणी, ते उघडच होतं.

सभेत लेरॉयने ठराव मांडला आणि सगळे थांबले. व्हर्ला गप्प. कुणी छताकडे बघितलं, कुणी बुटांकडे. तिच्याशिवाय कुणी कधी अनुमोदन दिलंच नव्हतं, त्यामुळे ते आपणही देऊ शकतो हे कुणाच्या लक्षातच येईना.

"व्हर्ला, डोळा लागला की काय?" ड्वेनने विचारलं.

"नाही. आज जागी आहे."

"अनुमोदन नसेल तर ठराव पडतो," कारकून बाई हळूच म्हणाली.

ठराव पडला. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लोकांसाठी ठेवलेल्या त्या खुर्च्यांवर कधी कुणी बसत नसे, म्हणून अल्बिना आल्याचं कुणी पाहिलंच नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं होतं मधे पडायला?" ती व्हर्लाला म्हणाली. "माझ्या नवऱ्याला, एमिलला, त्याच्या शेवटच्या घटकेला शब्द दिलाय मी. दाराशी रस्ता येतोय तोवर घर सोडणार नाही म्हणून. गुडघे गेले माझे, या हिवाळ्यात अंगणात पडून राहिले होते. तिथं एकटीनं राहणं झेपत नाही आणि शब्दही मोडवत नाही. रस्ताच गेला असता तर शब्दातून सुटले असते मी. जमीन ड्वेनचा जावई घेतोय, बरा भाव देतोय. ऐकलंस? आता सगळ्या गावाने ऐकलं."

व्हर्लाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिलेला शब्द किती जड असतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. अनुमोदन ओठांवर आलं. पण मनातली पाल काही गप्प बसेना.

"अल्बिना, एकच सांग. पूल बंद करायचं आधी कुणाला सुचलं? तुला की ड्वेनला?"

"मलाच. म्हणजे, मी याला एमिलच्या शब्दाचं सांगितलं. हा म्हणाला, रस्त्यांचं काय, ते तर बंदही होतात."

"आणि जावई जमीन बघून गेला तो त्यानंतर?"

अल्बिनाने ड्वेनकडे पाहिलं. तो समोरचे कागद सारखे करत होता, आधीच सारखे असलेले.

"आधी," ती म्हणाली. "आदल्याच दिवशी."

"ठराव पुन्हा मांडू का?" लेरॉयने विचारलं.

"मांड," ड्वेन म्हणाला.

व्हर्ला अल्बिनाकडे वळली. "तू सांगशील तसं. देऊ का?"

अल्बिना कोटाची बटणं लावत राहिली. "आज नको. एमिलच्या थडग्यापाशी जाऊन येते आधी. त्याला विचारते."

"मेलेला माणूस काय सांगणार आहे तुला?" ड्वेन म्हणाला.

"तुझ्यापेक्षा खरं सांगेल," अल्बिना म्हणाली, आणि जिना उतरायला तिने व्हर्लाचा हात मागितला.