संग्रामदादांचं इंग्रजी

संग्रामदादांना इंग्रजीचं ओ की ठो कळत नाही, हे मला पहिल्याच शनिवारी समजलं होतं. पण मी बोलले नाही. तीस वर्षं बोलले नाही. माझ्यासारख्या बाईनं एखादी गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवली, यावर माझ्या ऑफिसातली माणसं विश्वासच ठेवणार नाहीत. तिथं मला पाठीमागे 'मिर्ची मॅडम' म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही.

तेव्हा आम्ही इथंच, या हिंदी मुलखातल्या शहरात, थाटीपूरच्या सरकारी क्वार्टरांत राहायचो. आम्ही म्हणजे मी एकटीच. माझे यजमान स्कूटरच्या अपघातात गेले, त्यांच्या जागेवर मला नोकरी लागली आणि तीच क्वार्टर माझ्या नावावर झाली. वय तीस. दिवसभर ऑफिसात हिंदी, घरी आल्यावर चार भिंती. मराठी बोलायची ती फक्त देवाशी, आणि त्याच्याशीही भांडणच चालू होतं.

शेजारी संग्रामदादा आणि मंदावहिनी. दादा सिंचाई विभागात स्टोअरकीपर, मिशा अशा की नवीन माणूस त्यांना फौजदारच समजायचा. आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत पहिली केबल त्यांच्याकडे आली, आणि दर शनिवारी संध्याकाळी परदेशातल्या कुस्त्या लागायला लागल्या. त्या आपल्या आखाड्यातल्या मातीच्या कुस्त्या नव्हेत. चकचकीत चड्ड्या, तेल लावलेली अंगं, दोरखंडांचा चौथरा आणि कानठळ्या बसवणारं संगीत. सगळी लाइन दादांच्या बैठकीत जमायची. मंदावहिनी एकदा दार ठोठावून म्हणाल्या, "एकटी बसून काय करतेस? चल की." मी तोंड वाकडं करूनच गेले.

टीव्हीवर एक गोरा तोफखान्यासारखा इंग्रजी बोलत होता. कुणाला काही कळत नव्हतं. तेव्हा दादा मिशांवर हात फिरवून म्हणाले, "थांबा, मी सांगतो. आमच्या आजोबांनी मुरारच्या छावणीत साहेबाचे घोडे सांभाळलेत. इंग्रजी आमच्या रक्तात आहे."

आणि सुरू झाले की हो! तो गोरा सांगत होता पहिलवानाचं वजन, उंची, मागच्या आठवड्यात कोण हरलं ते. दादा सांगत होते, "हा म्हणतो आहे, की याच्या आईनं याला सांगून पाठवलंय, हरून आलास तर घरात पाऊल ठेवू नकोस." मी होते इंग्रजीची एम.ए. मला शब्दन् शब्द कळत होता. पहिल्यांदा वाटलं, उठून सांगावं. तोंड उघडलंही. पण त्यातून हसूच बाहेर पडलं. वर्षभरात मी हसलेच नव्हते. माझं मलाच कसंतरी झालं आणि मी पदर तोंडाशी धरून बसून राहिले.

तेव्हापासून एक शनिवार चुकवला नाही.

त्या काळातली सगळ्यात मोठी कुस्ती म्हणजे भुऱ्या आणि लाल चड्डीवाल्याची. ही नावं आमच्या लाइनीनं ठेवलेली, खरी नावं कुणाला उच्चारता येत होती? दोघं वर्षभर जोडीनं लढायचे, गळ्यात गळे घालून यायचे. आणि एक दिवस कुस्ती जिंकल्या जिंकल्या भुऱ्यानं लोखंडी खुर्ची उचलली आणि लाल चड्डीवाल्याच्या पाठीत घातली. तिथून तो सगळा खेळच बदलला, भुऱ्या दुष्ट झाला तो झालाच. टीव्हीवरचा गोरा ओरडत होता, की याला एकट्याला विजेतेपदाचा पट्टा हवा आहे. दादा जड आवाजात म्हणाले, "अरेरे. हे दोघं साडू आहेत. दिवाळसणाला सासऱ्यानं थोरल्याला सोन्याची अंगठी घातली आणि धाकट्याला नुसतं घड्याळ. तेच बोचत होतं बिचाऱ्याला."

मंदावहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे कितीतरी महिने आमच्या लाइनीत कुणाचे जावई यायचे असले की बायका एकमेकींना बजावायच्या, दोघांना सारखंच द्या गं, भुऱ्याचं काय झालं ठाऊक आहे ना!

हे सगळं सांगायचं कारण, गेल्या माघात दादांना लकवा मारला. कंपू भागातल्या हॉस्पिटलात बारा दिवस होते. हातपाय वाचले, जीभ अडकली. डोक्यात सगळं शाबूत, पण शब्द येईल तो भलताच. डॉक्टर म्हणाले, हे पहिले काही महिनेच मोलाचे, रोज बोलायला लावा, आत्ता तोंड मिटून बसले तर मग कायमचे बसतील. बोलण्याचा सराव करून घ्यायला एक मुलगी घरी येऊन चित्रांची कार्डं दाखवायची. दादांनी वांग्याच्या कार्डाला 'पंखा' म्हटलं. स्वतःच ऐकलं, कार्ड बाजूला सारलं आणि तोंड मिटलं. अकरा दिवस! मंदावहिनींचा फोन आला तेव्हा त्या रडतच होत्या. "वनमाला, तू ये गं. माझ्याशी तर नाहीच, कुणाशीच बोलत नाहीत हे."

मी ई-रिक्षा केली आणि मुरारला त्यांच्या आताच्या घरी पोचले. दादा पलंगावर उशीला टेकून बसलेले. मिशा कुणी नीट विंचरल्याही नव्हत्या. मला इतका राग आला, कुणाचा ते माहीत नाही. त्यांची नात उन्नती कॉलेजात आहे. तिला म्हटलं, "तुझ्या त्या फोनातून जुन्या कुस्त्या निघतात का? पंच्याण्णव सालची काढ आणि टीव्हीवर लाव."

"वनमाला आजी, इंटरनेट पर सब मिलता है," ती म्हणाली, आणि खरंच मिळाली. तोच भुऱ्या, तीच लाल चड्डी. चित्र जरा पुसट, पण खुर्ची उचलली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी आणि मंदावहिनी दोघी सुरू झालो. ते घड्याळ, ती अंगठी, तो सासरा. एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती. दादांची नजर टीव्हीवरून आमच्याकडे, आमच्याकडून टीव्हीवर. ओठ हलले. मी देवाचं नाव घेतलं.

तेवढ्यात उन्नती म्हणाली, "पर आजी, साडू कुठून आले? कमेंटेटर तो कुछ और ही बोल रहा है. हा तर फक्त बेल्टचं सांगतोय. सासरा वगैरे, ऐसा कुछ है ही नहीं."

पोरीचा काही दोष नव्हता. ऐकू आलं ते तिनं सांगितलं. पण दादांच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. मंदावहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे... साडू नव्हते?" दादांनी भिंतीकडे तोंड केलं. मिटलेल्या तोंडाचं एक बरं, की निदान पाठ तरी आपल्याकडे नसते. आता पाठही आमच्याकडे आली होती.

मी मनात म्हटलं, वनमाला, आता गप्प बसलीस तर हा माणूस याच शरमेत आयुष्यभर मुका राहील. आणि बोललीस तर? तर त्याला कळेल, की तीस वर्षं एक बाई समोर बसून त्याच्या थापा ऐकत होती. हेही काही थोडं नव्हतं. पण मला दुसरं काही सुचेना.

"दादा," मी म्हटलं, "मी इंग्रजीत एम.ए. आहे."

पाठ हलली नाही.

"ऐकताय ना? फर्स्ट क्लास. तुम्ही कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तो गोरा काय बोलत होता ते मला पहिल्या दिवसापासून सगळं कळत होतं. सगळं! आणि तरी मी दर शनिवारी येत होते. विचारा ना का?"

आता मात्र ते वळले. हळूहळू, उशीला धरून. डोळे मोठे झाले होते. लाजले होते की चिडले होते, सांगता येईना. चिडले असले तर बरं, मला वाटलं.

"कारण तो गोरा काही कामाचा नव्हता!" मी ओरडलेच. "मेला सारखा वजनं आणि पट्टे. माझा नवरा गेला होता, दादा. घरी जाऊन जेवायची सुद्धा इच्छा व्हायची नाही मला. शनिवारी तुमच्याकडे हसले, की त्या रात्री दोन पोळ्या जास्त जायच्या. पुढचा शनिवार येईस्तोवर तर जगलंच पाहिजे, नाहीतर पुढे काय झालं ते कसं कळणार? असं करत करत मी जगले. त्याचे आभार मानायचे राहून गेले, ते आज मानते. आणि आता तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसणार? मग मी जाऊ कुठं?"

मंदावहिनी माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. दादा माझ्याकडे बघतच होते. मग जबडा हलायला लागला. एकदा, दोनदा. घशातून काहीतरी खरखरलं.

"चु... चुका," ते म्हणाले. "का... नाही... काढ..."

"चुका काढायला ती काय परीक्षा होती?" मी डोळे पुसत म्हटलं.

त्यांचा डावा ओठ जरासा वर गेला. हसत होते! उन्नतीनं घाबरून टीव्ही बंद करायला रिमोट उचलला, तसा मी तिच्या हातून हिसकावून घेतला आणि नुसता आवाज बंद केला. पडद्यावर आता दुसरीच कुस्ती लागली होती. ते दोघं पहिलवान आमच्यापैकी कुणीच कधी पाहिलेले नव्हते. मधे पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातला पंच कमरेवर हात ठेवून उभा होता.

दादांनी बोट उचललं. पंचाकडेच होतं.

"हा," ते म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. कपाळावर घाम आला. मंदावहिनींनी पुसायला पदर पुढे केला, त्यांनी हात झटकला. "हा... याची... बाय... बायको..."

"बायको, हं," मी म्हटलं.

"गे... गेली. माहेरी."

मंदावहिनी हुंदका गिळून पंचाकडे बघत होत्या, जणू त्याचीच दया येत होती. मी काही म्हटलं असतं तर रडलेच असते.

उन्नती, जिला इंग्रजी येतं, तिनं खुर्ची पुढे ओढली, दादांच्या गुडघ्याशी टेकली आणि विचारलं, "क्यों आबा? कशाला गेली?"

दादा तोंड उघडून पुढचा शब्द शोधायला लागले.