ड्रोनवरचं नाव

माधवीला बचतगटाकडून फवारणीचा ड्रोन मिळाला, तेव्हा निमगाव केतकीत सगळ्यात जास्त धावपळ तिच्या सासऱ्यांनी केली. रावजींनी पेंटर बोलावून ड्रोनच्या पोटावर लाल ऑइलपेंटनं 'दिग्विजय' लिहून घेतलं. ट्रॅक्टरवर पोराचं नाव असतं, मग ड्रोननं काय घोडं मारलंय?

खरं तर पुण्याला जाऊन ड्रोन उडवायला शिकून आली होती माधवी. तिच्या नवऱ्याला, दिग्विजयला, फक्त टीव्हीचा रिमोट येत होता, तोही थपडा मारून.

पहिली फवारणी आबाजीच्या उसावर. ती नीट झाली, की गावचं सगळं काम माधवीला मिळणार होतं. बांधावर निम्मं गाव जमलेलं. रावजींनी सुनेला बाजूला घेतलं.

"रिमोट त्याच्या हातात दे. तू मागनं हळूच सांगत जा."

"मामा, पाडतील ते."

"पाडला तर पाडला. बाईमाणसानं चारचौघांत मान वर करून उभं राहायचं व्हय?" मग पोराला दम दिला, "अन् तू मागं वळून बघायचं न्हाय. लोकांना कळंल."

जाताना ड्रोन झकास गेला. येताना त्याचं तोंड आपल्याकडं झालं की डावं-उजवं उलटं होतं, हे माधवी पदराआडून सांगत राहिली. दिग्विजयला काही ऐकू येईना, आणि वळायची तर बंदी. ड्रोन शांतपणे आबाजीच्या विहिरीत उतरला. विहिरीलाही फवारत असतील, असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

विहिरीतून काढलेला ड्रोन बचतगटाकडं परत गेला. माधवी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाऊ लागली.

पुढच्या साली आबाजीचा ऊस डोक्याच्या वर गेला. पाठीवर पंप घेऊन आत शिरायला गडी मिळेना. त्यानं कोऱ्हाळे बुद्रुकहून अनिताला बोलावलं. ती खुशाल मान वर करून ड्रोन उडवत होती, आणि तिचा सासरा तिच्यावर छत्री धरून उभा होता. कुणालाच काही वाटलं नाही. रावजींना वाटलं. ड्रोन डोक्यावरून गेला, तेव्हा त्याच्या पोटावर पुसट लाल अक्षरं दिसली.

"पोरगं ब्येस उडतंय की, रावजी," आबाजी म्हणाला.

रावजी घरी गेले. खुंटीवरची छत्री घेऊन माधवी खुरपत होती त्या रानात आले, आणि ती तिच्यावर धरली.

माधवीनं मान वर केली नाही.

"सरका, मामा. सावलीत तण दिसत न्हाय."

रावजी सरकले. छत्री मात्र त्यांच्याच्यानं मिटवेना.